महासागरातील मोठे मासे आणि पाऱ्याचा संचय

मासा हे किनारपट्टीवरील कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न आहे. त्यातील प्रथिने पचनास हलकी असतात, त्यातील स्निग्धाम्ले हृदयाला व वाढत्या मेंदूला उपकारक ठरतात. अशा या अन्नाविषयी आरोग्यशास्त्रज्ञ गेल्या पन्नासहून अधिक वर्षांपासून सावधगिरीची एक सूचना देत आले आहेत. ती सर्व माशांना सरसकट लागू नाही. महासागराच्या खुल्या पाण्यात फिरणारे, दुसऱ्या माशांवर जगणारे आणि आकाराने मोठे असे जे मासे आहेत, उदाहरणार्थ तलवार मासा, मार्लिन, मोठे शार्क आणि ट्यूनाच्या मोठ्या जाती, त्यांच्या मांसात पाऱ्याचा अंश साठत जातो आणि गर्भवती स्त्रीने असे मासे वरचेवर खाल्ल्यास तो पोटातील बालकाला अपाय करू शकतो, अशी ती सूचना आहे.

ही सूचना अर्धवट कानावर पडली तर दोन्ही बाजूंनी नुकसान होते. एखादे कुटुंब तिच्याकडे साफ दुर्लक्ष करते, तर दुसरे घाबरून घरातील गर्भवतीला मासाच वर्ज्य करते आणि तिच्या हक्काचे पोषण हिरावून घेते. दोन्ही चुका टाळावयाच्या तर पारा माशात कसा पोहोचतो, मोठ्याच माशात अधिक का साठतो आणि किती साठला म्हणजे धोका संभवतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. एकदा ही प्रक्रिया ध्यानात आली की कोणता मासा निवडावा हे ठरविणे कठीण राहत नाही.

मिनामाताचा धडा

पाऱ्याने दूषित झालेल्या माशांचा प्रश्न जगापुढे प्रथम आला तो जपानमधील मिनामाता या गावामुळे. क्युशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील या गावात चिस्सो कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. तेथे १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होऊ लागले. त्या प्रक्रियेत पाऱ्याची संयुगे उत्प्रेरक म्हणून वापरली जात आणि कारखान्याचे सांडपाणी उपसागरात सोडले जाई. पुढे गावातील मांजरी झोकांड्या खाऊन मरू लागल्या. पाठोपाठ कोळी कुटुंबांतील माणसांच्या हातापायांना बधिरता येऊ लागली. चालण्यात तोल जाणे, दृष्टीचा आवाका आकसणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसू लागली. कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांच्याकडून १ मे १९५६ रोजी या अनोळखी मज्जाविकाराची खबर सरकारी आरोग्य केंद्राकडे पोहोचली. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ साली सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. तथापि ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन थांबण्यास १९६८ साल उजाडले आणि त्याच वर्षी सरकारने कारणाची अधिकृत कबुली दिली. दोन हजारांहून अधिक माणसांना या रोगाचे रुग्ण म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. त्यांत अशीही मुले होती, की ज्यांनी दूषित मासा कधी खाल्लाच नव्हता. आईच्या पोटातच त्यांच्यावर विषाचा परिणाम झालेला होता.

मिनामातामध्ये अपराधी ठरलेला कारखाना एक होता, उपसागर बंदिस्त होता आणि तेथील दूषित मासे किनाऱ्याजवळचे, साधेच होते. म्हणून हा प्रश्न एका गावापुरता आहे, असा अनेकांचा समज झाला. दोन वर्षांतच त्या समजाला धक्का बसला.

खुल्या समुद्रातही पारा

१९७० च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील ब्रूस मॅकडफी या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी बाजारातील डबाबंद ट्यूना मासा तपासला. त्या काळी तेथे एका किलोमागे ०.५ मिलिग्रॅम पारा ही मर्यादा होती; डब्यातील माशात त्याहून अधिक पारा निघाला. सरकारी यंत्रणेने फेरतपासणी केली आणि सुमारे दहा लाख डबे बाजारातून काढून घेण्यात आले. पाठोपाठ तलवार माशाची तपासणी झाली. बहुतेक नमुने मर्यादेबाहेर आढळल्याने मे १९७१ मध्ये अमेरिकन जनतेला हा मासा खाऊ नये असा सल्ला देण्यात आला.

ट्यूना काय किंवा तलवार मासा काय, हे किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर, जेथे कोणत्याही कारखान्याची मोरी पोहोचत नाही, अशा पाण्यात वाढतात. मग त्यांच्यात पारा आला कोठून? १९७२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी संग्रहालयात जतन केलेले, ६२ ते ९३ वर्षांपूर्वी पकडलेल्या ट्यूनाचे सात नमुने आणि २५ वर्षांपूर्वीचा एक तलवार मासा तपासला. त्यांतील पाऱ्याचे प्रमाण नव्या माशांइतकेच निघाले. यावरून समुद्रातील पारा हा निसर्गाचाच भाग आहे, असा युक्तिवाद सुरू झाला. मत्स्यव्यवसायाने न्यायालयात धाव घेतली; १९७८ मध्ये निकाल लागला आणि १९७९ मध्ये अमेरिकेतील मर्यादा एका किलोमागे १ मिलिग्रॅमपर्यंत वाढविण्यात आली.

नमुने मोजके होते. त्यांवरून जगभरच्या समुद्राविषयी अनुमान काढणे धाडसाचे होते. पुढील संशोधनाने चित्र अधिक स्पष्ट केले. पाऱ्याचा काही अंश समुद्रात पूर्वापार आहे हे खरे. ज्वालामुखींतून आणि खडकांच्या झिजेतून तो येतच असतो. परंतु माणसाने त्यात मोठी भर घातली आहे. २०१४ साली कार्ल लॅमबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक सागरी सफरींतून जमविलेल्या माहितीवरून असा निष्कर्ष काढला, की महासागराच्या वरच्या थरातील पाऱ्याचे प्रमाण उद्योगयुगापूर्वीच्या मानाने सुमारे तिप्पट झाले आहे.

हवेतून समुद्रात

पारा हा सामान्य तापमानाला द्रवरूपात राहणारा एकमेव धातू होय. त्याची वाफ सहज होते. ही वाफ हवेत काही महिने ते वर्षभर टिकते आणि तेवढ्या अवधीत वाऱ्यांबरोबर पृथ्वीभर फिरते. पुढे तिचे रासायनिक रूप बदलते व पावसाबरोबर किंवा धुळीबरोबर ती जमिनीवर व समुद्रावर उतरते. म्हणूनच एका खंडात जाळलेल्या कोळशातील पारा दुसऱ्या खंडाजवळच्या समुद्रात सापडू शकतो.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ साली केलेल्या आढाव्यानुसार, २०१५ या वर्षात मानवी व्यवहारांतून सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला. त्यातील सुमारे ३८ टक्के वाटा लहान प्रमाणावरील सोन्याच्या खाणकामाचा होता. दक्षिण अमेरिका, आफ्रिका व आशियातील अनेक भागांत मातीतील सोन्याचे कण पाऱ्याने वेचून घेतात आणि मग तो पारा उघड्यावर तापवून उडवून देतात. सुमारे २१ टक्के वाटा वीजकेंद्रे, कारखान्यांच्या भट्ट्या अशा ठिकाणी जाळलेल्या कोळशाचा होता. सिमेंट आणि धातूंचे कारखाने यांचा क्रम त्यानंतर लागतो.

पाऱ्याची दोन रूपे

पाण्यात आलेला सर्वच पारा माशाच्या अंगी लागत नाही. येथे पाऱ्याच्या रूपांतील फरक लक्षात घ्यावयास हवा. तापमापीतील चकाकणारा धातुरूप पारा चुकून पोटात गेला, तर तो जवळजवळ सगळा शोषला न जाता बाहेर पडतो. त्याची वाफ श्वासावाटे जाणे मात्र घातक असते. याउलट, पाऱ्याचा कर्बाशी संयोग होऊन बनणारा मेथिल पारा अन्नातून गेला, तर त्याचा सुमारे ९५ टक्के भाग आतड्यांतून रक्तात शिरतो. माशातील खरा प्रश्न आहे तो या मेथिल पाऱ्याचा.

हे रूपांतर घडवून आणतात सूक्ष्मजंतू. प्राणवायू कमी असलेल्या गाळात व पाण्यात राहणारे काही जंतू साध्या पाऱ्याला मेथिल रूप देतात, ही गोष्ट स्वीडनमधील संशोधकांनी १९६९ साली दाखवून दिली. हे काम करणारी जनुकांची जोडी २०१३ साली हाती लागली. खुल्या समुद्रात, पृष्ठभागापासून काहीशे मीटर खाली, वरून झिरपणाऱ्या मृत सेंद्रिय कणांचे विघटन होते आणि पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. त्याच थरात मेथिल पारा अधिक आढळतो. हवाई बेटांजवळच्या माशांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले, की तेथील माशांत सापडणाऱ्या मेथिल पाऱ्यापैकी बराच मोठा भाग वरच्या ढवळल्या जाणाऱ्या थराच्या खाली तयार झालेला असतो.

यामुळे आणखी एका कोड्याचा उलगडा झाला. सारख्या आकाराच्या दोन माशांत पाऱ्याचे प्रमाण वेगळे का असावे? हवाई विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली दाखविले, की खोल पाण्यात उतरून भक्ष्य मिळविणाऱ्या माशांत, उदाहरणार्थ तलवार मासा व बिगआय ट्यूना यांच्यात, पारा अधिक असतो. पृष्ठभागाजवळ चरणाऱ्या माशांत तो कमी असतो. तलवार मासा दिवसा पाचशे मीटरहूनही खोल जातो. मेथिल पारा जेथे तयार होतो, तेथेच त्याचे ताट मांडलेले असते.

साखळीचे गणित

आता मोठ्या माशातच पारा का साठतो, या मुख्य प्रश्नाकडे वळू. खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात एकूण पारा एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असतो. असे पाणी कितीही प्याले तरी कोणत्याही माशाला त्यातून अपाय संभवत नाही. परंतु पाण्यात तरंगणाऱ्या वनस्पती-प्लवकांच्या सूक्ष्म पेशी मेथिल पारा आत ओढून घेतात. सबंध साखळीतील सर्वांत मोठी उडी हीच होय; पाण्यातून पेशीत जाताना प्रमाण हजारो पटींनी वाढते. या पेशी प्राणी-प्लवक खातात, त्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मध्यम मासे आणि त्यांना मोठे मासे खातात.

प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट घडते. मासा खाल्लेल्या अन्नाचा बराचसा भाग हालचालीसाठी खर्च करतो. ते अन्न जळून जाते. मेथिल पारा मात्र जळत नाही. तो प्रथिनांतील गंधकयुक्त घटकांना घट्ट चिकटतो आणि स्नायूंत राहतो. दहा किलो लहान मासे खाऊन एखाद्या मोठ्या माशाचे वजन एक किलोने वाढले असे समजू. तर दहा किलोंतील पाऱ्याचा बहुतांश त्या एका किलोत येऊन बसतो. सावकाराच्या वहीत व्याजावर व्याज चढावे तसा हा आकडा पायरीपायरीने वाढत जातो. साखळीच्या टोकाच्या तलवार माशाच्या एक किलो मांसात १ मिलिग्रॅमच्या आसपास पारा सापडतो. पाण्यातील प्रमाणाशी तुलना करता ही वाढ दहा लाखपटींहून अधिक भरते.

यात वयाची भर पडते. माशाच्या शरीरातून मेथिल पारा अत्यंत सावकाश बाहेर पडतो. त्यामुळे एकाच जातीच्या दोन माशांत जो अधिक वर्षे जगला व अधिक वाढला, त्याच्यात पारा अधिक असतो. ट्यूनासारखे मासे अखंड पोहतात, त्यांची भूक मोठी असते, म्हणजेच अन्नाबरोबर येणारा पाराही अधिक. सारांश, साखळीतील उंच स्थान, दीर्घ आयुष्य आणि खोल पाण्यातील चारा या तीन गोष्टी एकत्र आल्या की पाऱ्याचा संचय वाढतो.

पारा चरबीत न साठता मांसात साठतो, ही गोष्ट गृहिणींनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. माशाचे कातडे काढल्याने, चरबी टाकल्याने, मीठ-हळद लावून धुतल्याने, तळल्याने किंवा उकडल्याने तो जात नाही. उलट शिजताना किंवा वाळताना पाणी निघून गेल्यामुळे उरलेल्या तुकड्यातील प्रमाण थोडे वाढलेलेच दिसते.

गर्भावर होणारा परिणाम

माणसाच्या शरीरातील मेथिल पारा साधारण पन्नास दिवसांत निम्मा होतो. पुढच्या पन्नास दिवसांत त्याचा निम्मा, असे करीत तो उतरतो. प्रौढ माणसाला थोड्या प्रमाणात तो सोसतो. गर्भाची गोष्ट निराळी आहे. शरीराला लागणाऱ्या एका अमिनो आम्लाचे सोंग घेऊन मेथिल पारा वारेतून सहज पलीकडे जातो आणि नाळेतील रक्तात त्याचे प्रमाण आईच्या रक्तापेक्षाही अधिक भरते. मेंदूच्या पेशी तयार होऊन आपापल्या जागी पोहोचत असतात, त्याच काळात त्यांच्यावर हा घाला पडतो.

याचा दारुण पुरावा १९७१-७२ च्या हिवाळ्यात इराकमध्ये मिळाला. पेरणीसाठी आलेल्या गव्हाला बुरशीनाशक म्हणून मेथिल पारा चोळलेला होता. अनेक कुटुंबांनी त्याच गव्हाच्या भाकरी केल्या. ६,५३० माणसांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि त्यांपैकी ४५९ दगावली. स्वतः सौम्य लक्षणे असलेल्या काही मातांच्या पोटी गंभीर विकार असलेली मुले जन्मली. आईच्या केसांवरून गर्भावस्थेतील पाऱ्याचा मागही काढता आला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि त्या त्या महिन्यातील रक्तातल्या पाऱ्याची नोंद त्याच्यात उमटून राहते.

इराकमध्ये मात्रा प्रचंड होती. रोजच्या आहारातील थोड्या पाऱ्याने काय होते, हे पाहण्यासाठी दोन बेटसमूहांवर दीर्घकालीन अभ्यास झाले. उत्तर अटलांटिकमधील फॅरो बेटांवर १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा मागोवा घेण्यात आला. तेथील लोक मासळीबरोबर पायलट जातीच्या देवमाशाचे मांस खात. हा प्राणी मासा नव्हे, पण साखळीच्या टोकाचा भक्षक तोही आहेच. सातव्या वर्षी या मुलांची चाचणी घेतली असता, जन्माच्या वेळी ज्यांच्या नाळेच्या रक्तात पारा अधिक होता, त्यांची भाषा, अवधान व स्मरण यांत थोडी पण निश्चित उणीव दिसली. २००८ साली तेथील आरोग्य अधिकाऱ्यांनी देवमाशाचे मांस मानवी आहारातून वगळावे अशी शिफारस केली.

हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर १९८९-९० मध्ये सुरू झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष वेगळा आला. तेथील माता आठवड्याला सरासरी बारा वेळा मासे खात. त्यांच्या केसांतही पारा बराच होता. पण मुलांच्या वाढीत त्यामुळे सातत्याने दिसणारी हानी आढळली नाही. तेथील आहार निरनिराळ्या सागरी माशांचा होता आणि त्यांतील पारा देवमाशाच्या मांसाच्या मानाने पुष्कळ कमी होता. शिवाय माशांतील पोषक द्रव्यांनी मेंदूच्या वाढीला आधार दिला असावा, असे संशोधकांचे मत आहे. हे दोन अभ्यास परस्परांना खोडून काढीत नाहीत. साखळीच्या टोकावरचे अतिदूषित मांस टाळावे आणि मासा सोडू नये, असा दोहोंचा मिळून अर्थ होतो. संयुक्त राष्ट्रसंघाची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१० साली बोलाविलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीनेही प्रसूतिक्षम वयातील स्त्रियांच्या बाबतीत मासे खाण्याचा लाभ बहुतेक परिस्थितीत जोखमीपेक्षा अधिक आहे, असाच कौल दिला.

हिशेब तुकड्याचा

या दोन जागतिक संघटनांच्या तज्ज्ञ समितीने २००३ साली मेथिल पाऱ्याची साप्ताहिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम अशी ठरविली. पोटातील गर्भाची सुरक्षितता ध्यानात घेऊन हा आकडा काढलेला आहे. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीला या हिशेबाने आठवड्याला ८० मायक्रोग्रॅम पारा चालतो.

अमेरिकन अन्न व औषध प्रशासनाने तपासलेल्या नमुन्यांच्या सरासरीनुसार, शंभर ग्रॅम मांसातील पारा पुढीलप्रमाणे येतो:

तलवार मासा : सुमारे १०० मायक्रोग्रॅम
शार्क : सुमारे ९८ मायक्रोग्रॅम
बिगआय ट्यूना : सुमारे ६९ मायक्रोग्रॅम
मार्लिन : सुमारे ४९ मायक्रोग्रॅम
यलोफिन ट्यूना : सुमारे ३५ मायक्रोग्रॅम
स्किपजॅक ट्यूना : सुमारे १४ मायक्रोग्रॅम
सार्डिन : सुमारे १.३ मायक्रोग्रॅम
कोळंबी : सुमारे ०.९ मायक्रोग्रॅम

याचा अर्थ असा, की तलवार माशाचा शंभर ग्रॅमचा एक तुकडा या स्त्रीची आठवड्याची मर्यादा ओलांडतो. सार्डिनचे मात्र सहा किलो खाल्ले तरी ती गाठली जात नाही. एकट्या ट्यूना या नावाखालीही लहान स्किपजॅक आणि मोठा बिगआय यांच्यात जवळजवळ पाचपट अंतर आहे. तेव्हा नुसते माशाचे नाव पुरत नाही. त्याची जात आणि आकारमान पाहावे लागते.

कोकण किनाऱ्यापुरते

हे आकडे अमेरिकेतील बाजारपेठेचे आहेत. ते कोकणच्या मासळीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण त्यांमागील तत्त्व सर्व समुद्रांना सारखेच लागू पडते. तारली, मांदेली, बांगडा, बोंबील, जवळा, कोळंबी ही कोकणातील घरोघरची मासळी लहान, अल्पायुषी किंवा साखळीच्या खालच्या पायऱ्यांवरील आहे. पाऱ्याच्या भीतीने ती सोडण्याचे कारण नाही. तारली व बांगडा यांत तर स्निग्धाम्ले विपुल असतात. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने स्वस्त मासळीच अधिक हितकर ठरावी, हा सुदैवाचा योग होय.

सुरमईविषयी एक खुलासा करणे इष्ट होईल. अमेरिकेत गर्भवतींनी टाळावयाच्या माशांच्या यादीत किंग मॅकरेल हा मासा आहे आणि सुरमईलाही इंग्रजीत पुष्कळदा तेच नाव देतात. प्रत्यक्षात त्या यादीतील मासा अटलांटिकमधील आहे. सुरमई त्याची नातेवाईक असली तरी जात निराळी आहे. त्या यादीवरून सुरमईला दोषी ठरवू नये. तथापि तीही भक्षक मासा असल्याने गर्भवतीने मोठ्या सुरमईपेक्षा लहान सुरमई पसंत करावी आणि रोज तीच न खाता मासळीत फेरपालट ठेवावा, हे तत्त्वाला धरून होईल.

कोकणात बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरी, म्हणजे लहान शार्क, खाऊ घालण्याचा प्रघात आहे. लहान मोरी आणि खोल समुद्रातील मोठा शार्क यांच्यातील पाऱ्यात आकाराप्रमाणेच फरक असतो. तरीही मोठ्या मुशीचे तुकडे मोरी म्हणून घरात येत असतील, तर बाळंतिणीसाठी ते टाळलेले बरे. कापलेल्या तुकड्यावरून माशाचा आकार कळत नाही. तो मासा केवढा होता, हे विकणाऱ्या कोळणीला विचारण्यात संकोच मानू नये. मोठा कुपा, म्हणजे ट्यूना, यालाही हाच नियम लागू आहे.

या नियमाला एक अपवाद आहे. कारखान्यांचे सांडपाणी मिळणाऱ्या खाडीत लहान मासा व शिंपल्याही सुरक्षित असतीलच असे नाही. मिनामाताचे मासे मोठे नव्हते, हे विसरता कामा नये. अशा खाड्यांतील पाणी, गाळ व मासळी यांची वेळोवेळी तपासणी करून घेणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरते.

मर्यादा आणि करार

अन्नमानके ठरविणाऱ्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१८ साली मोठ्या माशांसाठी मेथिल पाऱ्याच्या मर्यादा जातिनिहाय निश्चित केल्या. दर किलोमागे ट्यूनासाठी १.२, शार्कसाठी १.६ आणि मार्लिनसाठी १.७ मिलिग्रॅम असे ते आकडे आहेत. या मर्यादा व्यापारासाठी आहेत. मर्यादेच्या आत असलेला मोठा मासाही गर्भवतीने वारंवार खावा, असा त्यांचा अर्थ होत नाही, हे वरील हिशेबावरून दिसेलच.

मूळ उपाय आहे तो हवेत व पाण्यात जाणारा पारा रोखण्याचा. मिनामाताचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार १० ऑक्टोबर २०१३ रोजी जपानमधील कुमामोतो येथे संमत झाला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला. भारताने १८ जून २०१८ रोजी त्याला अनुसमर्थन दिले. पाऱ्याच्या नव्या खाणी न काढणे, पाऱ्याचा वापर असलेल्या तापमापी, रक्तदाबमापक यांसारख्या वस्तूंचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबविणे, कोळशाच्या वीजकेंद्रांतून जाणाऱ्या पाऱ्यावर नियंत्रण आणणे ही त्याची प्रमुख कलमे आहेत. भारत सरकारने डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातील पाऱ्यालाही मर्यादा घातली. चंद्रपूर, कोराडी अशी मोठी औष्णिक केंद्रे असलेल्या महाराष्ट्राला या मर्यादेचे विशेष महत्त्व आहे. चंद्रपूरपासून समुद्र दूर आहे, पण धुराड्यातून निघालेल्या पाऱ्याला ते अंतर दूर नाही.

या प्रयत्नांचे फळ किती लवकर दिसेल? याविषयी दोन अभ्यास उद्बोधक आहेत. उत्तर अटलांटिकच्या परिसरात पाऱ्याचे उत्सर्जन घटले, तेव्हा तेथील ब्लूफिन ट्यूनातील पारा २००४ ते २०१२ या काळात १९ टक्क्यांनी उतरल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. याउलट, १९७१ ते २०२२ या अर्धशतकातील ट्यूनाच्या सुमारे तीन हजार नमुन्यांचा जो आढावा २०२४ साली प्रसिद्ध झाला, त्यात ट्यूनाच्या तीन उष्णकटिबंधीय जातींतील पारा जवळजवळ स्थिर असल्याचे आढळले. समुद्राच्या खोल थरांत पूर्वी साठलेला पारा सावकाश वर येत राहतो, हे त्याचे कारण सांगितले जाते. समुद्र दिलेले चटकन परत करीत नाही. आज हवेत जाणाऱ्या पाऱ्याला आळा घातला, तर त्याचा पूर्ण लाभ पुढील पिढ्यांना मिळेल. आज तो तसाच सोडला, तर त्याचा भारही त्यांच्याच माथी बसेल.

गावपातळीवरील कार्य

मोठे निर्णय राज्य व राष्ट्र पातळीवर व्हावयाचे असले, तरी काही गोष्टी गावातच होण्यासारख्या आहेत. अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्रातून गर्भवतींना आहाराचा सल्ला दिला जातो. त्यात किनारपट्टीच्या गावांपुरते दोन वाक्यांचे मार्गदर्शन सहज घालता येईल: लहान मासळी भरपूर खावी, मोठ्या भक्षक माशांचे तुकडे गर्भारपणात व मूल अंगावर पीत असेपर्यंत टाळावेत. शरीरातील पारा उतरण्यास काही महिने लागतात. म्हणून नवविवाहित स्त्रियांपर्यंतही हा सल्ला पोहोचणे अगत्याचे आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रांत जुनी पाऱ्याची उपकरणे पडून असतील, तर ती भंगारात न देता नियमांनुसार जमा करावीत. पाऱ्याच्या एका रक्तदाबमापकात ८० ते १०० ग्रॅम पारा असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत तापमापी फुटली, तर खिडक्या उघडाव्यात, मुलांना दूर ठेवावे, थेंब जाड कागदाने गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावेत. ते केरसुणीने झाडू नयेत आणि मोरीत तर मुळीच ढकलू नयेत. पाऱ्याच्या थेंबांशी खेळण्याचे कौतुक शिक्षकांनी मोडून काढले पाहिजे.

अन्नसाखळी हा विषय शाळांतून शिकविला जातोच. गवत, नाकतोडा, बेडूक, साप ही नेहमीची उदाहरणे आहेत. किनाऱ्यावरील शिक्षकाने त्याऐवजी प्लवक, तारली, कुपा आणि शार्क यांची साखळी फळ्यावर मांडावी व प्रत्येक पायरीवर पाऱ्याचा आकडा किती पटींनी वाढतो याचे उदाहरण मुलांकडून सोडवून घ्यावे. त्या वर्गातील मुली उद्याच्या माता आहेत आणि मुलांपैकी काही जण उद्या मासळीचा व्यवहार करतील. त्यांना हे गणित कळले, तर बाजारात मासा निवडताना त्यांना कोणाच्या सल्ल्याची वाट पाहावी लागणार नाही.